सोशल मीडिया आणि राजकारणावर पीएचडी करायचीय? मग आधी वही काढा

ॲडमिशनचा सीझन आला की कोणी ना कोणी विचारतंच, ताई मला सोशल मीडिया आणि राजकारणावर रिसर्च करायचाय, सुरुवात कुठून करू. माझं उत्तर ठरलेलं आहे, गाइड नंतर शोधा, आधी मटेरियल जमवायला लागा. कारण या विषयात मटेरियल बघता बघता हातातून जातं. ट्विटरचा रिसर्चवाल्यांसाठीचा फुकट डेटा २०२३ मध्ये बंद झाला, फेसबुकवरच्या सार्वजनिक पोस्ट शोधायचं क्राउडटँगल हे टूल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं, आणि ज्यांचा अख्खा प्रबंध त्यावर उभा होता ते अर्ध्यात अडकले. आता फेसबुकच्या मालक कंपनीची, मेटाची, कंटेंट लायब्ररी आहे पण तिथे अर्ज करा, मंजुरीची वाट बघा.

म्हणून जे सगळ्यांना उघडं आहे ते आधी धरा. फेसबुकची ॲड लायब्ररी, तिथे राजकीय जाहिरात कोणी दिली, साधारण किती खर्च केला, कुठल्या राज्यात कुठल्या वयाच्या लोकांना दिसली हे सगळं मिळतं. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांना २०१३ पासून ॲफिडेव्हिटमध्ये आपली सोशल मीडिया अकाउंट्स द्यावी लागतात, त्यामुळे आपल्या मतदारसंघाची यादी तिथूनच काढा, नावं सर्च करत बसलात तर फॅन पेज आणि खरं पेज यात गोंधळ होतो. आणि प्रत्येक स्क्रीनशॉटसोबत तारीख, वेळ, लिंक वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा. मी पहिले चार महिने नुसते स्क्रीनशॉट काढले, तारखा नाहीत, सगळे टाकून द्यावे लागले.

पण खरी गंमत फोनच्या बाहेर आहे, आणि मुंबईत राहणाऱ्याला ती लोकलच्या अंतरावर मिळते. वॉर्डातल्या शाखेत किंवा नगरसेवकाच्या ऑफिसात एक पोरगा असतो जो बॅनर डिझाइन करतो, तीच फाइल फ्लेक्सवर छापली जाते, तीच व्हॉट्सॲप स्टेटसला, तीच रील्सला, वाढदिवस असो की पाण्याचा टँकर. त्याच्याशी दोन तास बोला. पैसे कोण देतं, मजकूर कोण पास करतं, वरून काय येतं आणि तो स्वतःच्या डोक्याने काय टाकतो, हे कुठल्याच डेटासेटमध्ये सापडणार नाही. सोसायटीच्या, गणपती मंडळाच्या ग्रुपवर असाल तर गुपचूप मेसेज उचलू नका, ॲडमिनला आणि मेंबरांना सांगा, नंबर आणि नावं काढून टाका. लोकांनी तुम्हाला शेजारी म्हणून ग्रुपमध्ये घेतलंय, रिसर्चर म्हणून नाही.

मराठी हे तुमचं भांडवल आहे हे मनात पक्कं ठेवा. "साहेबांनी काय विकास केलाय, वा!" ही कमेंट बऱ्याच सॉफ्टवेअरला कौतुक वाटते, तुम्हाला टोमणा लगेच कळतो. म्हणून आधी पाचशे कमेंट हाताने वाचून वर्गवारी करा, मग मशीनकडे जा.

मागचंही वाचलेलं हवं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टसाठी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, तिथून सुरू झालेला वाद २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं कलम ६६अ सुप्रीम कोर्टात रद्द होण्यापर्यंत गेला. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने मारलं, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. हे माहीत नसेल तर आजची एकही पोस्ट नीट कळत नाही.

आता ॲडमिशन. कलिन्याला मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र, देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मीडिया, पवईला आयआयटीत ह्युमॅनिटीज, तिन्हीकडे प्रश्न विचारायची पद्धत वेगळी आहे, आधी तिथल्या शिक्षकांचे दोन-तीन पेपर वाचा आणि मगच मेल करा. यूजीसीची नेट परीक्षा राज्यशास्त्रातून द्यायची की मास कम्युनिकेशनमधून हे एमएच्या विषयावरून ठरवा. नेटमधून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, नाहीच मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या ठरावीक समाजांसाठीच्या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा, मुदत पटकन संपते. जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेअर वगैरे कागद आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तहसील ऑफिसच्या रांगेत आठवडा जातो.