बाळंतिणीच्या घरी भेटीला जाताना

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईच्या भेटी ठरलेल्या असतात, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त.

आपल्या सोलापुरात पूर्व भागात जाताय तर आधी बघा आईला मराठी सोपं जातंय का तेलुगू, नाहीतर ती नुसती मान हलवते आणि आपल्याला वाटतं सगळं समजलं. गेल्या गेल्या रजिस्टर उघडू नका. साबणाने हात धुवा, मगच बाळाला घ्या. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही करायचं, 60 किंवा जास्त आले तर परत एकदा मोजा, तेवढेच आले किंवा छाती आत ओढली जातेय, दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना, 102 ला फोन लावा. वजन अडीच किलोच्या खाली असेल तर बाळ आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घालायचं, हे तिथंच बसून करून दाखवा.

विड्या वळायचं तंबाखूचं सूप बाळाशेजारीच असेल तर ओरडू नका, घर त्या मजुरीवर चालतं. झोळी तंबाखूपासून लांब कुठं बांधता येईल ते सासूबाईंनाच विचारा, आणि पाजायच्या आधी हात धुवायला सांगा.

मग जरा सगळ्यांना बाहेर पाठवून आईला विचारा, जेवलीस का, झोप होते का, रक्त जास्त जातंय का, सारखं रडू येतं का. उत्तराची घाई करू नका.