ऑफिसचा ताण आणि माइंडफुलनेस : या चुका टाळा

माइंडफुलनेस म्हणजे डोकं रिकामं करणं, हा गैरसमज बहुतेकांची सुरुवातच बिघडवतो. डोळे मिटावेत तर उद्याचं प्रेझेंटेशन आठवतं, आणि 'आपल्याला नाही जमत हे' म्हणून माणूस उठतो. खरं तर मन भरकटलंय हे लक्षात येणं आणि त्याला परत श्वासावर आणणं, सराव तो एवढाच. विचार दाबायला जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल काही डोक्यातून जाईना!

दुसरी गडबड वेळेची. वरिष्ठांचा तिरकस ईमेल आला की मगच श्वासाची आठवण होते. ही तहान लागल्यावर विहीर खणायची तऱ्हा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे आणि त्यात घरी रोज सराव करायचा असतो, तो उगाच नाही. निवांत दिवशी सवय केली असेल तरच ऐनवेळी सुचतं: उत्तर ड्राफ्टमध्येच ठेवायचं, आवळलेला जबडा सैल सोडायचा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. राग जात नाही, पण रागाच्या भरात 'सेंड' दाबलं जात नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: बोलायला हवं तिथे ध्यान करत बसणं. मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले. एकात मूळ प्रश्नाला हात घालायचा, दुसऱ्यात स्वतःच्या भावना सांभाळायच्या. दोघांचं काम तुम्ही एकटे ओढत असाल, तर श्वास मोजून ते अर्धं होणार नाही. 'फार लोड आहे हो' असं मोघम रडगाणंही नको. हातातली कामं तारखांसकट लिहा, कागद मॅनेजरसमोर ठेवा आणि विचारा, "यातलं आधी काय करू आणि पुढे काय ढकलू?" कपातीच्या बातम्या, क्लायंटचा स्वभाव असं जे आपल्या हातात नाही, तिथे मात्र दुसरा मार्गच कामाचा.

कंपन्याही इथेच चुकतात. मनुष्यबळ वाढवायचं नाही, ध्यानाचं ॲप मात्र फुकट वाटायचं. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटचा, म्हणजे कामाने पार थकून जाण्याचा, संबंध थेट कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकाळच्या ताणाशी जोडते. तेव्हा सगळं खापर स्वतःच्या 'कमकुवत मना'वर फोडू नका.

संध्याकाळची कॉफी आणि रात्रीचं स्क्रोलिंग यांनी ताण हलका होत नाही, झोप तेवढी जाते.

डोळे मिटल्यावर घाबरंघुबरं होत असेल तर जबरदस्ती नको. डोळे उघडे ठेवा, सावकाश चाला, पावलांकडे लक्ष द्या. तरीही त्रास होत असेल तर सराव थांबवा. आणि दोन-तीन आठवडे झोप, भूक किंवा कामातलं लक्ष उडालेलं असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा.