दोषी ठरलेल्या आमदाराचे पद गेले की नाही, हे बातमीतून कसे ओळखावे

एखादा आमदार किंवा खासदार फौजदारी खटल्यात दोषी ठरला आणि पाठोपाठ त्याला जामीन मिळाला, की ‘पद वाचले’ अशी चर्चा सुरू होते. हा समज बहुधा चुकीचा असतो. म्हणून बातमी वाचताना जामिनाच्या ओळीवर न थांबता प्रथम गुन्ह्याचे कलम आणि शिक्षेचा कालावधी शोधावा.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ८ नुसार, कोणत्याही गुन्ह्यासाठी दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास झाल्यास ती व्यक्ती दोषी ठरल्याच्या दिवसापासून अपात्र होते आणि सुटकेनंतरही सहा वर्षे अपात्रच राहते. बलात्कार, भ्रष्टाचार अशा काही गुन्ह्यांची मात्र वेगळी यादी आहे. त्यांत नुसता दंड झाला तरी सहा वर्षांची अपात्रता येते. (खून या यादीत नाही, हे वाचून दचकायला होते, पण त्याची किमान शिक्षाच जन्मठेप असल्याने फरक पडत नाही.)

अपील करून पद टिकवण्याची जी सवलत विद्यमान सदस्यांना होती, ती सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात १० जुलै २०१३ रोजी रद्द केली. त्यामुळे त्याआधीची उदाहरणे आज लावू नयेत.

यानंतर स्थगिती नेमकी कशाला मिळाली आहे, हे पाहावे. खरी गफलत इथेच होते. शिक्षेला स्थगिती मिळाली तर माणूस तुरुंगाबाहेर येतो, परंतु दोषसिद्धी कायम असल्याने अपात्रताही कायम राहते. नागपूर जिल्हा बँक प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झालेले सुनील केदार उच्च न्यायालयाच्या आदेशाने जामिनावर सुटले, तरी दोषसिद्धीला स्थगिती न मिळाल्यामुळे त्यांची आमदारकी परत आली नाही. याउलट मानहानीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा झालेल्या राहुल गांधी यांच्या दोषसिद्धीलाच सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी स्थगिती दिली आणि तीन दिवसांत त्यांची खासदारकी पूर्ववत झाली.

आदेशाची प्रत हाती नसेल, तर संबंधित सभागृहाच्या सचिवालयाने जागा रिक्त झाल्याची अधिसूचना काढली आहे का, हे तपासावे.