लांब शॉकअप बसवल्यावर डबल स्टँड वाढवताना या चुका टाळा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात स्कूटर हे केवळ गावात फिरण्याचे वाहन राहिलेले नाही. तिच्यावरून खताची गोणी जाते, दुधाचे कॅन जातात आणि पावसाळ्यात ती शेताच्या बांधापर्यंतही जाते. अशा वापरात मागचा भाग दबून खालचे अंग गतिरोधकाला घासू लागते, म्हणून अनेक जण मूळ शॉकअप काढून त्याहून वीस-तीस मिलिमीटर लांब शॉकअप बसवतात. घासणे थांबते, परंतु त्याच संध्याकाळी लक्षात येते की डबल स्टँड लावल्यावरही मागचे चाक जमिनीला टेकलेलेच आहे आणि स्कूटर स्टँडवर डुलते आहे. मग स्टँडच्या पायांना तुकडे जोडून ते लांब केले जातात. हे काम छोटे वाटते, आणि बहुतेक चुका त्या छोटेपणाच्या समजुतीतूनच होतात.

चाक टेकलेले राहणे ही केवळ गैरसोय नाही, हे आधी सांगितले पाहिजे. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये ॲक्सिलरेटर थोडा जास्त फिरला की क्लच आपोआप पकड घेतो आणि मागचे चाक फिरू लागते. ते हवेत असेल तर नुसते फिरते; पण जमिनीला टेकलेले असेल तर स्कूटर स्टँडवरून उडी मारून पुढे जाते. थंड इंजिन सुरू करताना डबल स्टँड लावून ॲक्सिलरेटर देण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि त्या वेळी समोर लहान मूल उभे असू शकते. त्यामुळे लांब शॉकअप बसवल्यानंतर स्टँडचे काम होईपर्यंत इंजिन डबल स्टँडवर सुरू करू नये.

शॉकअप जितका वाढला तितकाच स्टँड वाढवणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. शॉकअप 30 मिलिमीटर लांब होता, म्हणून मी वेल्डिंगच्या दुकानात दोन्ही पायांना बरोबर 30 मिलिमीटर जोडून घेतले. परिणाम असा झाला की स्टँड लावल्यावर चाक जमिनीपासून दोन बोटांहून अधिक वर लटकू लागले, वडिलांना स्टँड लावणे अशक्य झाले आणि स्टँड काढताना स्कूटर जोरात आदळू लागली.

या हिशेबात चूक कोठे आहे, ते नीट समजून घ्यावे. स्टँडवर उभी असलेली स्कूटर पुढच्या चाकावर आणि स्टँडवर टेकलेली असते. स्टँड उंच झाला की संपूर्ण गाडी पुढच्या आसाभोवती वर फिरते, आणि स्टँडची पिन, म्हणजे ज्या दांड्यावर स्टँड फिरतो ती, मागच्या आसाच्या बरीच पुढे असल्यामुळे पिन जितकी वर जाते त्यापेक्षा मागचे चाक जास्त वर उचलले जाते. समजा दोन्ही आसांमधील अंतर 1260 मिलिमीटर आहे आणि पिन मागच्या आसाच्या 400 मिलिमीटर पुढे, चासिसला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बसवलेली आहे. अशा गाडीत चाक 30 मिलिमीटर उचलण्यासाठी पिन सुमारे 20 मिलिमीटरच वर जावी लागते.

येथे दुसरा प्रश्न निर्माण होतो, आणि तो विचारायला बहुतेक जण विसरतात: आपला स्टँड चासिसला बसवलेला आहे की इंजिनाला? गिअर नसलेल्या बऱ्याच स्कूटरमध्ये तो इंजिनाच्या केसिंगखाली असतो, आणि इंजिन व मागचे चाक मिळून एकच अंग असते जे पुढच्या हँगरभोवती, म्हणजे इंजिन चासिसला जोडणाऱ्या सांध्याभोवती, खाली-वर होते. शॉकअप लांब झाला की चाकासोबत इंजिनही कलते, त्यामुळे स्टँड आणि चाक यांच्यातील नाते फारसे बिघडत नाही. वरच्याच मापाच्या गाडीत हँगर मागच्या आसाच्या 450 मिलिमीटर पुढे आणि स्टँडची पिन 300 मिलिमीटर पुढे धरली, तर त्याच 30 मिलिमीटरच्या शॉकअपसाठी स्टँड साधारण 12 ते 13 मिलिमीटर वाढवणे पुरते. शॉकअप तोच असूनही दोन गाड्यांची उत्तरे इतकी वेगळी येतात. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर पाहिलेले माप आपल्या गाडीला लावू नये. खाली वाकून, बॅटरीच्या उजेडात पिन कोठे बसली आहे ते आधी पाहावे.

आकडेमोड करायची नसेल तर त्याहूनही खात्रीची पद्धत आहे. शक्य असल्यास जुना शॉकअप काढण्यापूर्वीच, सपाट फरशीवर डबल स्टँड लावून टायर आणि फरशी यांच्यातील मोकळी जागा मोजून लिहून ठेवावी. नवा शॉकअप बसवल्यावर टायरमध्ये हवा योग्य भरावी, डिकी रिकामी करावी आणि पुढचा ब्रेक ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधावा. एकाने मागून कॅरिअर उचलून धरावे आणि दुसऱ्याने स्टँडच्या दोन्ही पायांखाली एकच रुंद प्लायवूडचा तुकडा सरकवावा. 6 आणि 12 मिलिमीटर जाडीचे तुकडे एकावर एक ठेवत, चाकाखाली पूर्वीइतकी जागा होईपर्यंत उंची वाढवावी. त्या तुकड्यांची एकूण जाडी म्हणजेच स्टँड वाढवण्याचे माप. जुने माप घेतलेले नसेल, तर चाकाखाली 10 ते 15 मिलिमीटर मोकळी जागा मिळेल इतकीच उंची घ्यावी, असे माझे मत आहे.

स्टँडचा कोन विसरणे

स्टँड लावलेला असताना त्याचे पाय सरळ उभे नसतात. ते उभ्या रेषेच्या थोडे पुढे गेलेले असतात आणि तेथे स्टॉपर त्यांना अडवतो. याच पुढे गेलेपणामुळे स्कूटर आपोआप स्टँडवरून उतरत नाही. चासिसवर बसवलेल्या स्टँडमध्ये गाडीचे नाक खाली झुकले की हा कोन कमी होतो. मागचा भाग 30 मिलिमीटर वर गेल्यास 1260 मिलिमीटरच्या गाडीत साधारण 1.4 अंशांचा फरक पडतो. नव्या गाडीत एवढ्याने बिघडत नाही, मात्र पिन आणि तिच्याभोवतीचे बुश (नळीसारखे अस्तर) झिजलेले असतील आणि अंगणाला पुढच्या बाजूने उतार असेल, तर हलक्या धक्क्यानेही स्कूटर उतरते. इंजिनावरच्या स्टँडमध्ये नेमके उलटे होते: पाय आणखी पुढे जातात, म्हणून स्टँड काढायला जड जातो.

यावर उपाय म्हणून ग्राइंडर घेऊन स्टॉपर घासणे, किंवा त्यावर अंदाजाने वेल्डिंग चढवणे, ही चूक करू नये. स्टॉपर जास्त घासला तर पाय खूप पुढे पसरून गाडी खाली बसते. जास्त भरला तर पाय उभ्या रेषेपुढे जातच नाहीत. आधी पिन, बुश आणि वायसर बदलावेत, मग गरज उरली तरच स्टॉपरला एक-दीड मिलिमीटरने हात लावावा.

वेल्डिंगच्या चुका

स्टँड गाडीवर असतानाच वेल्डिंग करू देऊ नये. बऱ्याच स्कूटरमध्ये पेट्रोलची टाकी सीटखाली, म्हणजे कामाच्या जागेजवळच असते. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाल्यानंतरच्या गाड्यांमध्ये इंजिन नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक पेटी असते आणि वेल्डिंगचा प्रवाह तिचे नुकसान करू शकतो. स्प्रिंग आणि पिन काढून स्टँड वेगळा करूनच दुकानात न्यावा. स्प्रिंग काढताना डोळे आणि बोटे सांभाळावीत.

वाढ 10 मिलिमीटरपर्यंत असेल तर पायांच्या तळाशी जाड पट्टीचे तुकडे जोडणे पुरते. त्यांचा तळ मूळ पायासारखा गोलसर ठेवावा, नाहीतर स्टँड लावताना गाडी अडते. वाढ त्याहून जास्त असल्यास पाय मध्ये कापावा, आत घट्ट बसणारी नळी दोन्ही बाजूंना किमान 25 मिलिमीटर जाईल अशी घालावी आणि मगच जोड भरावा. बांधकामाची उरलेली सळई बाहेरून चिकटवून दिलेला जोड मी पहिल्याच पावसाळ्यात तुटलेला पाहिला आहे. गॅल्व्हनाइज्ड पाईप वापरू नये. त्याचा धूर वेल्डिंग करणाऱ्याला आजारी पाडतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी फक्त टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते ठिपके, मारून घ्यावेत, स्टँड गाडीवर बसवून पाहावा, दोन्ही पाय एकाच वेळी फरशीला टेकतात याची खात्री करावी आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. एक पाय दोन मिलिमीटरने जरी कमी राहिला, तरी गाडी कायम एका बाजूला डुलत राहते.

मुडपलेला स्टँड न तपासणे

पाय लांब झाले की मुडपल्यावर ते मागे जास्त पोहोचतात आणि सायलेन्सरला किंवा टायरला लागू शकतात. गाडी रिकामी असताना हे दिसत नाही. दोन माणसे बसवून, मागचा भाग पूर्ण दाबून पाहावे. खड्ड्यात टणकन आवाज येत असेल तर स्टँडचे वजन वाढल्यामुळे जुनी स्प्रिंग कमी पडते आहे. तीच ओढून वापरण्यापेक्षा नवी बसवावी. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल पिनेजवळ भरतो आणि वाळल्यावर दगडासारखा होतो, तेव्हा स्टँड अर्धवट लोंबकळत राहतो आणि वळणावर जमिनीला लागतो. पिनेला ग्रीस देऊन ती जागा पाण्याने साफ ठेवावी.

साइड स्टँडकडे मात्र कोणीच पाहत नाही. मागचा भाग वर गेल्याने तो आखूड पडतो, गाडी जास्त कलते आणि ओल्या बांधावर किंवा भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात मऊ झालेल्या डांबरात त्याचे टोक रुतून गाडी पडते. त्याच्या तळाला साधारण 50 बाय 60 मिलिमीटरची पट्टी जोडली तर उंची आणि रुंदी दोन्ही मिळतात. हेडलाइटही त्याच दिवशी वर घ्यावा, कारण वरच्या मापाच्या गाडीत प्रकाश 10 मीटरवर सुमारे 24 सेंटिमीटर खाली उतरलेला असतो.

काम झाल्यावर आठवडाभराने जोडांवरचा रंग खरवडून बारीक भेग दिसते का ते पाहावे, कॉटर पिन, म्हणजे स्टँडची पिन निसटू न देणारी छोटी दुटांगी पिन, जागेवर आहे का ते तपासावे, आणि चाकाखालची मोकळी जागा पुन्हा एकदा टेपने मोजावी. नवा शॉकअप थोडा बसल्यामुळे ती पहिल्या दिवसापेक्षा किंचित वेगळी येऊ शकते.