चेनसॉ उघडताना कार्ब्युरेटरचे स्क्रू सगळ्यांत शेवटी

मशीन बंद पडले की पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो आणि साधा बिघाड तिथून महाग व्हायला लागतो. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी होऊन मिश्रण पातळ झाले की तेलही कमी पोचते आणि पिस्टन सिलेंडरला घासतो. म्हणून आधी पेट्रोल, हवा, भुसा आणि चेन तपासायची, स्क्रू नंतर. खालची मापे बाजारात सर्रास मिळणाऱ्या ५८ सीसी, २२ इंची बारच्या (चेन ज्या पट्टीवर फिरते ती) मशीनची आहेत. मशीन दुसऱ्या मेकचे असेल तर त्याच्या पुस्तकातले माप धरा.

हत्यारे फार लागत नाहीत. १३-१९ चा कॉम्बी पान्ना, ४ आणि ५ मि.मी. एलन की, चपटा स्क्रू ड्रायव्हर, ४.८ मि.मी. गोल कानस, एक चपटी कानस, जुना टूथब्रश आणि हातभर सुती दोरी. टाकीतले पेट्रोल काढून घ्या, प्लगची टोपी उपसा, चेनला हात लावायच्या आधी जाड हातमोजे घाला.

साइड कव्हर काढण्यापूर्वी चेन ब्रेकचा दांडा मागे, हँडलकडे ओढून ब्रेक सोडा. या मशीनचा ब्रेक बँड कव्हरमध्येच असतो. ब्रेक लागलेला असताना कव्हर काढले तर बँड आवळलेला राहतो आणि परत बसवताना कव्हर क्लचच्या डब्यावर चढतच नाही. मग हातोडीने ठोकाठोकी सुरू होते आणि कव्हर फुटते.

कव्हर निघाले की भुसा आणि तेलाचा काळा चिखल दिसेल. पावसाळ्यात राधानगरी, गगनबावड्याकडे ओले लाकूड कापले की हा थर आणखी घट्ट बसतो. तो पुरता खरवडून काढा. बारची खाच हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने साफ करा, तेलाचे भोक तारेने मोकळे करा. खाचेच्या कडांना बाहेर धार आली असेल तर चपट्या कानशीने काढा. बसवताना बार दर वेळी उलटा करा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणारे दातेरी चाक) दातांवर अर्धा मि.मी. खोल खाचा पडल्या असतील तर तो बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर तीही लवकर बिघडते. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट हा हिशेब धरावा.

क्लच काढायचा असेल तर प्लग काढा. पिस्टन वर येऊन एक्झॉस्टचे भोक झाकले गेले की मगच प्लगच्या भोकातून दोरी आत सरकवा. भोक उघडे असताना दोरी घातली तर ती कडेत अडकते. स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन अडवायचा नाही, पिस्टनचे डोके भोकसले जाते. क्लचला उलटे आटे असतात, म्हणून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. ताकद लावून उलट फिरवले तर क्लच आणखी आवळतो. आतल्या नीडल बेअरिंगला चिमूटभर ग्रीस पुरे. मागचा ऑइल पंपाचा गिअर बघा. प्लॅस्टिकचा गिअर वितळला असेल तर ब्रेक लावून रेस दिलेली असते, कारण क्लच घसरून सगळी उष्णता तिथेच साठते.

आता एअर फिल्टर. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. जोरात हवा मारली तर जाळी फाटते. सिलेंडरच्या पंख्यांमधला भुसा ब्रशने काढा. तिथे हवा खेळली नाही तर चांगले तेल घालूनही इंजिन तापते. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढा आणि नळी वाकवून चिरा बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसाचे इथेनॉल आपल्याच मशीनची रबरी नळी आणि कार्ब्युरेटरमधला डायफ्रॅम (पातळ पडदा) कडक करते. शिवाय ते हवेतले पाणी ओढते, म्हणून मिसळलेले पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नये. प्रमाण मशीनवर लिहिलेले असेल तेच ठेवा: २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, ५०:१ म्हणजे २० मिली. मापाचा कप वापरा, अंदाजाने ओतू नका.

मशीन दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडते, टाकीची टोपी सैल केल्यावर ‘फुस्स’ होते आणि परत चालू होते, असे असेल तर टाकीचा ब्रीदर (टाकीत हवा घेणारी वाट) तुंबला आहे. याला कार्ब्युरेटर उघडायची गरज नाही.

प्लग चहाच्या रंगाचा असेल तर उत्तम. काळा-ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत येते. गॅप ०.६ ते ०.७ मि.मी. मग सायलेन्सर काढून आतल्या बाजूने पिस्टन बघा. ही दोन मिनिटांची तपासणी फार जण टाळतात. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी दम येणार नाही. कॉम्प्रेशन गेज असेल तर १२० पीएसआयच्या वर हवे. ओरखडे दिसले तरी सिलेंडर घेऊन बोअर करायला लगेच कोल्हापूरच्या उद्यमनगरातले वर्कशॉप गाठू नका. मोटरसायकलचा जुना लोखंडी सिलेंडर बोअर होतो, तसा हा होत नाही. आत पातळ कडक मुलामा असतो, तो गेला की सिलेंडर-पिस्टन सेटच बदलावा लागतो. नवा पिस्टन घालताना वरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवा आणि रिंगांची तोंडे खाचेतल्या पिनेवर आणा, नाहीतर पहिल्याच ओढीत रिंग तुटते.

इथवर सगळे ठीक असेल तरच कार्ब्युरेटर. एच (पूर्ण रेसचा) आणि एल (कमी रेसचा) हे पेट्रोलचे स्क्रू हळूच आत घट्ट होईपर्यंत मोजत फिरवा आणि ते आकडे लिहून ठेवा, मग काढा. पंपाच्या बाजूला बॉडीलगत आधी डायफ्रॅम, मग गॅस्केट. मीटरिंगच्या बाजूला नेमके उलटे, आधी गॅस्केट, मग डायफ्रॅम. ही अदलाबदल झाली की मशीन सुरूच होत नाही आणि दोष नव्या किटला लागतो. डायफ्रॅम बोटाला कडक, कुरकुरीत लागला तर बदला.

बसवताना फ्लायव्हील आणि कॉइलमध्ये ०.३ मि.मी. अंतर हवे, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मधे धरून स्क्रू आवळा. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार पुढच्या टोकाकडे हवी. बारचे टोक वर उचलून धरून नट आवळा. चेन हाताने सरकली पाहिजे, पण बारच्या खाली लोंबता कामा नये.

जुळवणी दोन्ही स्क्रू एक-एक फेरा बाहेर ठेवून सुरू करा. इंजिन गरम झाल्यावर आधी एल, मग टी (आयडलचा वेग ठरवणारा स्क्रू). आयडलला चेन फिरता कामा नये. शेवटी एच. पूर्ण रेस दिल्यावर हवेत आवाज थोडा फडफडता हवा, आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ व्हायला हवा. चिरका आवाज काढून आरपीएम वाढवायचा नाद करायचा नाही, तिथेच पिस्टन जातो. स्क्रू कुठेही नेला तरी आयडल टिकत नसेल, तर इनटेकचे रबर किंवा क्रँकचे सील हवा ओढत आहे.

चेनला धार लावताना दाताला ३० अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. भुसा पिठासारखा पडू लागला की धार गेली. रस्त्याकडेच्या झाडांत जाहिरातींचे खिळे असतात, ते आधी उपटा. बारचे टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिल्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. काम संपल्यावर चेन ढिली करून ठेवा. तापलेल्या चेनला ताण देऊन तशीच सोडली, तर थंड होताना ती आखडून बार आणि क्रँकच्या बेअरिंगवर जोर देते.