भरभर आणि हळू वाढणारी पाणवनस्पती एकाच टँकमध्ये कशी सांभाळावी

घरच्या फिश टँकमध्ये जिवंत झाडं लावायची म्हटलं की बहुतेक जण एका टोकाला जातात. कुणी अनुबियास, जावा फर्न अशी हळू वाढणारी झाडंच आणतो आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जाड पानांवर शेवाळाचे हिरवे ठिपके धरतात. कुणी हॉर्नवर्ट आणि व्हॅलिसनेरिया भरून टाकतो, मग आत मासे आहेत की नाहीत तेच दिसत नाही. दोन्ही प्रकार एकत्र लावले तर एकमेकांना सांभाळून घेतात. फक्त उजेड हळू वाढणाऱ्यांच्या बेताने ठेवायचा आणि खत भरभर वाढणाऱ्यांची भूक बघून द्यायचं. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या ऊस उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. ऊस सुरुवातीचे काही महिने सावकाश वाढतो. तेवढ्यात सरीत हरभरा नाहीतर कांदा निघून जातो आणि रिकाम्या जागेत तण माजत नाही. नव्या टँकमध्ये तण म्हणजे शेवाळ. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. भरभर वाढणारी झाडं तो थेट शोषून घेतात, त्यामुळे शेवाळाच्या वाट्याला कमी उरतं. अनुबियासला एक नवं पान काढायलाच तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे हे काम तिच्याकडून होत नाही. तिचं पान वर्षभर आणि त्याहून जास्त टिकतं, म्हणून त्यावर एकदा बसलेलं शेवाळही तिथेच राहतं.

आधी पाणी ओळखा

आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण जिल्हा एकच असला तरी पाणी एक नाही. खानापूर आणि बेळगाव शहराच्या बाजूला जांभा दगड आहे. तिथल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू असतं. अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या रानातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. पाणी तापवायच्या भांड्यात किंवा गिझरमध्ये पांढरा थर धरत असेल तर पाणी जड समजा. मासे विकणाऱ्या दुकानांत तपासणीच्या पट्ट्या मिळतात, त्यांनी आणखी नेमका अंदाज येतो.

व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट जड पाण्यातल्या बायकार्बोनेट या क्षारातून कार्बन घेऊ शकतात. हळू वाढणाऱ्या बहुतेक झाडांना ते जमत नाही, त्यांना पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच लागतो. म्हणून अथणीच्या बोअरच्या पाण्यात व्हॅलिसनेरिया बेफाम पसरते आणि शेजारच्या झाडांना मागे टाकते. तिथे ती कमी लावा आणि कात्री हाताशी ठेवा. खानापूरच्या मृदू पाण्यात तीच व्हॅलिसनेरिया रडतखडत वाढते. तिथे वॉटर विस्टेरिया, हायग्रोफिला, लिम्नोफिला घ्या.

नळाचं पाणी असेल तर ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. क्लोरीनचा वास उग्र येत असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब घाला.

तळ घालणं

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक सुरुवातीला पुरतो. त्यात साधारण 55 लिटर पाणी मावतं, वाळू-दगड घातल्यावर 45 च्या आसपास राहतं. त्याहून लहान टँक घेऊ नका, पाणी कमी असलं की ते लवकर बिघडतं.

जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह भरपूर असतं. जगभर पाणवनस्पती लावणाऱ्यांनी अशी माती तळाशी वापरलेली आहे आणि आपल्याकडे ती अंगणात पडलेली असते. चाळून तिचा अर्ध्या इंचाचा थर तळाला द्या. वर धुतलेली जाड वाळू किमान दीड इंच घाला, मागच्या बाजूला थोडी जास्त. माती शेतातली नको, तिच्यात रासायनिक खताचा आणि औषधाचा अंश असतो. काळी माती तर अजिबात नको, ती पाण्यात फुगते आणि सगळं गढूळ करते. वाळूवर लिंबाचे चार थेंब टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाणी जड करत राहील.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा, म्हणजे खालची माती वर येत नाही.

कोण कुठे

मागच्या बाजूला आणि दोन्ही कोपऱ्यांत भरभर वाढणारी झाडं लावा: वॉटर विस्टेरिया, हायग्रोफिला, व्हॅलिसनेरिया. हॉर्नवर्टला मुळं नसतात, ती नुसती सोडली तरी चालते. पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त जागा याच झाडांनी भरलेली असावी. इथे हात आखडता घेऊ नका. दोन काड्या लावून त्या पसरायची वाट बघत बसलात तर मधल्या काळात शेवाळ जागा घेतं.

मधल्या भागात क्रिप्टोकोरीन. ती मुळांवाटे जेवते, म्हणून तांबड्या मातीचा सगळ्यात जास्त फायदा तिलाच होतो. लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिची पानं विरघळल्यासारखी गळून पडतात आणि लोक ती मेली समजून उपटून टाकतात. उपटू नका! मुळं जिवंत असतात, नव्या पाण्याशी जुळवून घेतलं की कोंब येतो. तोवर सडलेली पानं तेवढी काढा आणि झाड जागचं हलवू नका.

अनुबियास, जावा फर्न आणि बुसेफलान्ड्रा यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. ती दगडावर किंवा लाकडावर सुती दोऱ्याने बांधा. दोरा यथावकाश कुजतो, तोपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. फेविक्विकचा एक थेंबही चालतो. जांभ्याचा छिद्रं असलेला तुकडा यासाठी फार छान. आपल्या जुन्या विहिरींची बांधकामं याच दगडाची आहेत, त्यामुळे पाण्यात तो टिकेल का ही शंका नको. फक्त तांबडं पाणी सुटायचं थांबेपर्यंत आधी बादलीत भिजवत ठेवा. ही बांधलेली झाडं पुढच्या बाजूला, पण उंच झाडांची सावली पडेल अशा बेताने ठेवा. सावलीत त्यांच्या पानांवर शेवाळ कमी धरतं.

क्रिप्टोकोरीनच्या काही जाती मूळच्या सह्याद्रीतल्या आहेत, म्हणून खानापूरकडच्या ओढ्यांतून झाडं आणायचा मोह होतो. आणू नका. भीमगड अभयारण्यातून तर काडीही उचलायची नाही. ओढ्यातल्या झाडांबरोबर चतुराच्या अळ्याही घरात येतात आणि त्या लहान मासे खातात. दुकानातली झाडं घ्या, ती वाढवलेली असतात.

उजेड आणि खत

टँक खिडकीच्या उन्हात ठेवू नका. एलईडी दिवा पहिला महिना रोज सहा तास, मग झाडं रुजली की सात-आठ तास. त्यापुढे जाऊ नका. दिव्याला टायमर लावा, कारण हाताने बंद करायचं रोज लक्षात राहत नाही. वाढ कमी वाटली की लोक आधी उजेड वाढवतात, पण खत न देता उजेड वाढवला तर शेवाळच वाढतं.

भरभर वाढणारी झाडं पाण्यातलं नायट्रेट आणि पोटॅशियम आधी संपवतात आणि हळू वाढणारी उपाशी राहतात. उपासमार मात्र आधी भरभर वाढणाऱ्यांच्याच पानांवर दिसते, म्हणून नजर त्यांच्यावर ठेवा. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन कमी. जुन्या पानांना बारीक भोकं पडून कडा वाळू लागल्या तर पोटॅशियम कमी. वरची कोवळी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. नायट्रेट, पोटॅशियम आणि सूक्ष्म द्रव्यं असलेलं पाणवनस्पतींचं द्रवखत आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं सुरू करा आणि पानं बघून वाढवा. क्रिप्टोकोरीनच्या मुळाशी काही महिन्यांनी खताची गोळी खोचा. कुंडीतल्या झाडांचा युरिया टँकमध्ये घालू नका, त्याचा अमोनिया होतो आणि मासे मरतात.

मासे सगळ्यात शेवटी. चार ते सहा आठवडे नुसती झाडं चालू द्या, मग अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं शून्य आहेत हे पट्टीवर बघून थोडेसे गप्पी किंवा टेट्रा सोडा. जड पाण्यात गप्पी, मृदू पाण्यात टेट्रा. गोल्डफिश झाडं खातो, त्याला या टँकमध्ये जागा नाही.

दर आठवड्याची कात्री

हे काम चुकवलं तर वरचं सगळं वाया जातं. पाण्याचा चौथा हिस्सा बदला आणि त्याच वेळी छाटणी करा. विस्टेरिया आणि हायग्रोफिलाचे शेंडे चार-पाच इंचांवर कापा. कापलेला शेंडा पुन्हा वाळूत खोवा आणि खालची पानं झडलेली जुनी काडी उपटून टाका. व्हॅलिसनेरियाची पानं मधूनच कापली तर टोकं तपकिरी पडतात, म्हणून तिचे वाळूतून पळणारे धुमारे काढा. हॉर्नवर्ट मूठभर उचलून बाहेर टाका. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकला गेला की तरंगणारी झाडं विरळ करायचीच, नाहीतर खाली अंधार होतो.

अनुबियासला मात्र कात्री क्वचितच लागते. शेवाळाने पूर्ण भरलेलं एखादं पान देठापासून काढा, बाकी तिला हात लावू नका.

एप्रिल-मे महिन्यांत अथणीकडे टँकचं पाणी 30 अंशांच्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि रात्री झाडंही तो वापरतात. म्हणून त्या दिवसांत रात्रभर एअर पंप चालवा आणि दिवसा पाण्यावर लहान पंख्याचा वारा सोडा. बेळगावला उंचीमुळे हा त्रास कमी होतो.

सहा-आठ महिन्यांत हळू वाढणारी झाडं बाळसं धरतात. तेव्हा भरभर वाढणारी थोडी थोडी कमी करा, एकदम नाही. एका आठवड्यात एक जुडी काढा आणि पुढचे पंधरा दिवस काचेवर शेवाळ वाढतं का बघा. वाढलं तर तिथेच थांबा. टँकचा तिसरा हिस्सा तरी कायम त्यांच्याकडे राहू द्या.

छाटलेली झाडं किल्ला तलावात, मार्कंडेय किंवा मलप्रभेच्या पात्रात किंवा नाल्यात टाकू नका. कॅबोंबासारखी परदेशी झाडं तुकड्यातूनही रुजतात, आणि जलपर्णीने तळी कशी भरतात ते आपण पाहतोच आहोत. उन्हात खडखडीत वाळवून ती परसातल्या खताच्या खड्ड्यात घाला. बदललेलं टँकचं पाणी जास्वंदीला नाहीतर कढीपत्त्याला द्या.