लेन्स माउंटवरील गंज आणि ओल : या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा कोरडी असते, म्हणून गंजाची चिंता कोकणातल्या छायाचित्रकारांनी करावी, ही समजूत खानदेशात पक्की आहे आणि ती सर्वांत आधी सोडावी. याच दिवसांत घरोघरी पाण्याचा कूलर रात्रंदिवस चालतो. खोलीच्या खिडक्या बंद असतील तर तिथली हवा पावसाळ्यासारखी दमट होते, आणि कॅमेऱ्याची बॅग नेमकी त्याच खोलीत असते.

दुसरी चूक लग्नसराईतली. हळदीच्या मांडवात घाईने लेन्स बदलताना घामेजलेला अंगठा माउंटच्या, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जिथे एकमेकांना जोडले जातात त्या भागाच्या, कड्यावर टेकतो आणि घामातले मीठ तिथेच राहते. हे कडे बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असते, तर त्यामागचा सांगाडा अनेक कॅमेऱ्यांत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. खारट ओलाव्याने दोन भिन्न धातू जोडले गेले की विद्युतरासायनिक क्रिया सुरू होऊन मॅग्नेशियम झिजू लागते. मुलामा उडालेल्या जागी पितळावर हिरवट थर धरतो. काम संपल्यावर दोन्ही बाजूंची कडी कोरड्या मायक्रोफायबरने पुसावीत, एवढीच काळजी पुरते, पण ती त्याच रात्री घ्यावी.

श्रावणात तोरणमाळच्या धुक्यात भिजलेला कॅमेरा वरवर पुसून लेन्ससह बंद करणे, हीही तितकीच घातक सवय आहे, कारण दोन कड्यांच्या फटीत शिरलेले पाणी तिथेच कोंडते. एसी गाडीतून दमट हवेत उतरल्यावर गार धातूवर दव धरते. त्यामुळे बॅग अर्धा-पाऊण तास उघडू नये. लेन्स कातडी पेटीत ठेवू नये. त्याऐवजी हवाबंद डबा आणि त्यात ओल शोषणारे सिलिका जेल व आर्द्रतामापक असावा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी आणि निळे जेल गुलाबी झाले की बदलावे.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर छिद्रमानाचा (ॲपर्चरचा) आकडा दिसेनासा झाला, फोकस अडखळू लागला किंवा कॅननवर ‘एरर ०१’ (लेन्स-कॅमेरा संपर्कात बिघाड असल्याची सूचना) आला, तर कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि टॉर्चच्या उजेडात कॉन्टॅक्ट, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यात विद्युतसंपर्क साधणारे सोन्याचा मुलामा दिलेले ठिपके, पाहावेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या कापडावर डाग उतरला, तर तो मळ होता. काळा खड्डा किंवा हिरवी भुकटी उरली, तर सोन्याचा मुलामा गेला आहे. खोडरबर, पॉलिश पेपर किंवा चाकूचे टोक येथे कधीही लावू नये. हा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि खोडरबराचा चुरा आत सेन्सरपर्यंत पोहोचतो. गंज काढणारा तेलाचा फवाराही नको, कारण ते तेल छिद्रमानाच्या पात्यांवर पसरते.

स्क्रूंभोवती तपकिरी डाग दिसले, तरी कडे घरी उघडू नये. कॅननच्या ईएफ माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिलिमीटर, तर निकॉनच्या एफ माउंटचे ४६.५ मिलिमीटर असते आणि ते अचूक राखण्यासाठी कड्याखाली अनेकदा पातळ चकत्या बसवलेल्या असतात. त्यांतली एक जरी हलली, तर चित्राची एक बाजू धूसर येऊ लागते, म्हणून हे काम सर्व्हिस सेंटरकडेच सोपवावे.